संस्थेसाठी ग्रीन वीज घ्यायचीये, पण "१०० टक्के ग्रीन" म्हणजे नक्की काय?

कंदीलवाला:
नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेची वीज ग्रीन करायची असं वरून ठरलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण मागच्या मीटिंगला मी नको तेवढं बोललो. तीन प्रस्ताव आलेत. पहिला म्हणतो काहीच बदलू नका, आहे तीच वीज वापरा, वर्षाच्या शेवटी आम्ही सर्टिफिकेटं देतो, झालात तुम्ही ग्रीन. दुसरा म्हणतो गच्चीवर पॅनल आम्ही आमच्या खर्चाने लावतो, तुम्ही फक्त तयार होईल ती वीज आमच्याकडून विकत घ्या. तिसरा म्हणतो लांबच्या सोलर पार्कशी १५ वर्षांचा करार करा. पहिला सगळ्यात स्वस्त पडतोय म्हणून अकाउंट्सवाल्यांचा जीव त्यात अडकलाय. मला पटत नाहीये पण का ते धड सांगता येत नाहीये. आणि रात्री सूर्य नसतोच ना, मग १०० टक्के कसं काय?

मीटरमामा:
ग्रिडमधली वीज कुठून आली हे वायर सांगत नाही, म्हणून हा सगळा हिशोब कागदावर चालतो. १ मेगावॅट-तास म्हणजे १००० युनिट ग्रीन वीज तयार झाली की १ सर्टिफिकेट. गंमत अशी की वीज एकाला आणि सर्टिफिकेट दुसऱ्याला विकता येतं. नॉर्वेचं बघा, तिथे बहुतेक वीज धरणांची, पण त्याची सर्टिफिकेटं मोठ्या प्रमाणात बाकीच्या युरोपात विकली जातात, त्यामुळे नॉर्वेतला जो माणूस सर्टिफिकेट घेत नाही त्याच्या वाट्याला कागदावर मुख्यतः कोळसा, गॅस आणि अणुवीज येते, घरामागे धरण असलं तरी!! म्हणजे सर्टिफिकेट खोटं नसतं, पण ज्या धरणाचं कर्ज कधीच फिटलंय त्याचं सर्टिफिकेट तुम्ही घेतलं काय आणि न घेतलं काय, ते धरण वीज बनवणारच. तुम्हाला जे खटकतंय ते हेच असणार. घ्यायचीच असतील तर प्लांट कुठला, किती जुना, वीज कोणत्या वर्षीची, आणि सर्टिफिकेट तुमच्या नावाने रिटायर करणार का (म्हणजे वापरलं अशी नोंद करून कायमचं बाद, पुन्हा विकता येऊ नये म्हणून), हे लेखी विचारा. निम्मे विक्रेते तिथेच गप्प होतात.

गच्ची_रिकामी:
दुसऱ्या प्रस्तावाबद्दल सांगते कारण आम्ही त्यात पोळलोय. आमच्याकडे अशीच पॅनल लागली, आम्ही हौसेने दारात बोर्ड लावला की आम्ही सूर्यावर चालतो वगैरे, दोन वर्षांनी ऑडिटरने विचारलं सर्टिफिकेटं कोणाकडे आहेत, तेव्हा करार उघडून बघितला तर आत कुठेतरी एक ओळ होती की "सर्व पर्यावरणीय लाभ", म्हणजे सर्टिफिकेटंही, पॅनलवाल्या कंपनीचे. त्यांनी ते केव्हाच तिसऱ्याला विकले होते. म्हणजे पॅनल आमच्या डोक्यावर आणि ग्रीन दुसराच कोणीतरी. बोर्ड गुपचूप काढला.
अजून एक, पॅनल २५ वर्षं टिकतात, गच्चीचं वॉटरप्रूफिंग तेवढं टिकत नाही. ते आधी करून घ्या, नाहीतर मधेच सगळं उतरवायला लागतं आणि तो खर्च कोणाचा यावर भांडणं. आणि सुट्ट्यांमध्ये संस्था बंद असेल तर त्या दिवसांच्या विजेचं काय होणार हे पण विचारा. उंच इमारत असेल तर फार आशा ठेवू नका, गच्ची एकच आणि मजले दहा.

तारेवरची_कसरत:
रात्रीचा प्रश्न बरोबर आहे. बहुतेक "१०० टक्के" वर्षाच्या बेरजेवर असतं, वर्षभरात जेवढी वापरली तेवढी कुठेतरी बनली एवढंच. गूगलने २०१७ मध्ये असं वार्षिक १०० टक्के गाठलं, आणि २०२० मध्ये त्यांनीच जाहीर केलं की आता २०३० पर्यंत दर तासाला, त्याच ग्रिडवर कार्बनमुक्त वीज हे ध्येय. म्हणजे बेरीज जुळली तरी काम संपलेलं नाही हे त्यांनाही दिसत होतं. जीएचजी प्रोटोकॉल म्हणजे संस्थांनी आपलं कार्बन उत्सर्जन कसं मोजायचं याची आंतरराष्ट्रीय नियमावली, तिच्या २०१५ च्या नियमांत विजेच्या उत्सर्जनाचे दोन आकडे मागतात, एक तुमच्या ग्रिडची सरासरी धरून आणि एक तुम्ही जे करार किंवा सर्टिफिकेटं घेतली ती धरून. दोन्ही आकडे शेजारी ठेवून अकाउंट्सवाल्यांना दाखवा.
माझं मत तिसऱ्याला, पण एका अटीवर, प्लांट नवा हवा. तुमच्या सहीवर त्याला बँकेचं कर्ज मिळत असेल तर तुमच्यामुळे खरंच काहीतरी उभं राहतंय. मात्र १५ वर्षं म्हणजे लग्नच आहे ते. तुमचा वापर कमी झाला तरी ठरलेली वीज उचलायलाच लागते का, सोलरची सगळी वीज दुपारी येणार तर बाकीच्या वेळची कोण देणार, मधे नियम बदलले तर भुर्दंड कोणावर, हे वकिलाकडून बघून घ्या. आणि अख्ख्या वापराचा करार करू नका. एकट्याला झेपत नसेल तर तीनचार संस्था मिळून करतात असे करार.

निवांत:
एवढं डोकं खाण्यापेक्षा आधी रात्री रिकाम्या इमारतीत एसी का चालू असतो ते बघा की राव. न वापरलेल्या युनिटला सर्टिफिकेट लागत नाही.

कंदीलवाला:
@निवांत हाणलंत बरोबर, काल रात्रीचं मीटर रीडिंग काढलं, आम्ही झोपेतसुद्धा दुपारच्या निम्मी वीज खातोय. आधी ते निस्तरतो. गच्चीचा करार उघडला, तीच "पर्यावरणीय लाभ"वाली ओळ आहे, पान १४ वर, गच्ची_रिकामी ताई तुमचे आभार मानावे तेवढे कमी, ती ओळ काढायला सांगितलीये. सोलर पार्कवाल्याला निम्म्याच वापराचा दर मागितलाय. सर्टिफिकेटवाल्याला प्लांट किती जुना विचारलं तर तीन दिवस उत्तर नाही. अकाउंट्समधून मात्र उत्तर आलंय, ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावता येतं का म्हणून.