भिंतीवरची कावी, नव्या लाद्या आणि ‘सुंदर’ म्हणण्याचा अधिकार

मूळ मुद्दा – पेडण्याहून (गोवा)

आमच्या गावच्या देवळात चौकाच्या भिंतीवर कावीचे काम होते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर हुरमुंजीचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा, थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग वर आणायचा, अशी ती पद्धत. म्हणजे हे चित्र रंग भरून नव्हे, तर रंग काढून टाकून घडवलेले असते. गेल्या वर्षी महाजनांच्या, म्हणजे देवळाचा कारभार पाहणाऱ्यांच्या, सभेत त्या भिंतीवर लाद्या बसवण्याचा ठराव आला आणि मी विरोध केला. तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, “तुला ते सुंदर दिसते, आम्हाला हे सुंदर दिसते, यात भांडण कशाचे?” सभा तिथेच संपली आणि लाद्या बसल्या.

त्या दिवशी न सुचलेले उत्तर येथे मांडतो. मला फणसाचे रसाळ गरे आवडतात, दुसऱ्याला कापे. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ‘मला आवडते’ एवढेच आपण म्हणत असतो. पण ‘ही भिंत सुंदर आहे’ असे म्हणताना आपण नकळत इतरांचीही संमती मागत असतो. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० साली नेमका हा भेद दाखवला होता: सौंदर्याचा निवाडा भावनेतूनच येतो, तो गणितासारखा सिद्ध करता येत नाही, आणि तरीही तो सर्वांच्या वतीने बोलतो. ज्या निवाड्याला सर्वांची संमती हवी असते, त्याने पाहण्याचे कष्टही घेतले पाहिजेत. सौंदर्य पाहणाऱ्याच्या नजरेत असते हे मला मान्य आहे; माझा प्रश्न एवढाच आहे की ती नजर भिंतीवर किती वेळ टिकली होती?

उत्तर – मडगावहून

आपली तळमळ खरी आहे, पण आपला निवाडा आपल्याला वाटतो तितका निर्मळ नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझू या चर्चचे उदाहरण घ्या. १६०५ मध्ये पवित्रीकरण झालेल्या त्या वास्तूच्या भिंतींवर गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला आणि आतला तांबडा चिरा, म्हणजे जांभा दगड, उघडा पडला. आज त्या उघड्या चिऱ्यालाच लोक तिचे मूळ रूप समजतात. चिरा सच्छिद्र असल्यामुळे आपल्या पावसात झिजतो, म्हणून पुन्हा गिलावा करावा असे कोणी सुचवले की अनेकांचा जीव कळवळतो. वास्तू बांधणाऱ्यांनी जे झाकले, ते आपल्याला सुंदर वाटते, कारण डोळे उघडल्यापासून आपण तेच पाहिले आहे. यात पाहण्याचे कष्ट कुठे आले? ही सवय आहे, आणि सवयीला आपण निवाड्याचा मान देतो.

माझी आई आमच्या देवळात दर सोमवारी भिंतीला टेकून बसायची आणि घरी येताना तिच्या लुगड्याच्या पाठीला तांबडा रंग लागलेला असायचा. पावसाळ्यात त्याच भिंतीवर ओल चढायची आणि शेवाळ धरायचे. लाद्या आल्या तेव्हा तिने त्यावरून हात फिरवला आणि देवाचे घर आता उजळले असे ती म्हणाली. तिच्या त्या आनंदाला अपुरी नजर म्हणण्याचा अधिकार मला नाही, आपल्यालाही नसावा.

उत्तर – फोंड्याहून

आईंच्या आनंदाविषयी कोणाचेच दुमत नसावे. मात्र तो आनंद स्वच्छतेचा, उजेडाचा आणि देवाची सेवा झाल्याचा आहे. आपण त्या सर्वांना मिळून ‘सुंदर’ हा एकच शब्द वापरतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो. कवी बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली, ती कावीला लावून पाहावीत. तांबडा आणि पांढरा हे दोनच रंग एकमेकांना विरोध करतात, वेलीचे वळण पुन्हा पुन्हा येऊन संवाद साधते, आणि कमानीच्या दोन्ही बाजूंचे मोर तोल सांभाळतात. हे भिंतीवर आहे, कोणीही बोट ठेवून दाखवू शकतो.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ मध्ये रुचीविषयी लिहिताना एक जुनी गोष्ट वापरली आहे. दोघे जण पिंपातील मद्य चाखतात. मद्य चांगले आहे, पण चामड्याची चव लागते असे एक म्हणतो, दुसऱ्याला लोखंडाची लागते. लोक हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली किल्ली सापडते. सराव झालेल्या जिभेला जे कळते ते कल्पित नसते, मग सराव झालेल्या डोळ्याला वेगळा न्याय का?

प्रत्युत्तर – मडगावहून

किल्लीने एवढेच सिद्ध होते की पिंपात चामडे आणि लोखंड होते. मद्य चांगले की वाईट, हे किल्ली सांगत नाही. मोर दोन आहेत आणि वेल वळते, हे मलाही दिसते. त्यावरून ‘म्हणून सुंदर’ येथवर जाणारी वाट आपण दाखवलेली नाही. शिवाय लादीवरही नक्षी असते, तिच्यातही लय शोधता येईल.

उत्तर – डिचोलीहून

दोन्ही बाजूंनी मन एकटे बसून निवाडा करते असे गृहीत धरले आहे. आमच्या भागात खाणींचा पैसा आला तेव्हा सिमेंट आणि लाद्या या प्रतिष्ठेच्या खुणा झाल्या, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीची लाज वाटू लागली. आता बाहेरून आलेले लोक मातीच्या भिंतींची छायाचित्रे काढतात, तेव्हा त्याच घरातील मुलांना त्या पुन्हा आवडू लागल्या आहेत. दोन्ही वेळा आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले, याचे मला वाईट वाटते.

मूळ लेखक – पेडण्याहून

बॉम जेझूचे उदाहरण मी नाकारू शकत नाही. कावी मला आवडते त्यात माझ्या बालपणाचा वाटा किती आणि वेलीचा किती, हे मला वेगळे करता येत नाही. तरीही एक गोष्ट सुटत नाही. गिलावा काढल्यावर लोकांना चिरा पाहता आला, त्याची सवय झाली, त्यावर वाद घालता आला आणि गिलावा पुन्हा करताही येईल. आमच्या भिंतीवर लाद्या चिकटवण्याआधी ती टोचून खडबडीत केली गेली. नजर बदलली तरी परत येऊन पाहण्यासारखे तिथे काही उरले नाही. निवाडा मनाचा असेल, तर मन बदलते हे जाणून आपण अधिक सावध असायला हवे होते, आणि त्या सभेत मीही नुसते ‘सुंदर, सुंदर’ म्हणत राहिलो, मोर आणि वेल कोणाला दाखवली नाही.

जिन्याखाली हातभर भिंत लाद्यांविना राहिली आहे. तिथे एका फुलाच्या चार पाकळ्या शाबूत आहेत. येत्या सोमवारी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मी तिथे बोलावले आहे आणि ते येतो म्हणाले आहेत.