घरात आजारपण आले, तेव्हा घर कसे चालले?

आजारी माणसाविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्याच्या उशाशी बसणाऱ्याविषयी त्या मानाने फार कमी. ठाण्यात आणि नवी मुंबईत आता बहुतेक घरे तीन-चार माणसांची आहेत, कमावती माणसे सकाळी लोकल पकडतात, जवळचे नातेवाईक गावी किंवा परदेशी असतात, आणि अशा घरात एक जण अचानक अंथरुणाला खिळला की सगळी घडी विस्कटते. औषधे डॉक्टर लिहून देतात. रात्री कोणी जागायचे, मुलाला शाळेतून कोणी आणायचे, बँकेच्या कागदावर कोणी सही करायची, हे कोणीच लिहून देत नाही. ते ज्यांनी निभावले, त्यांनी येथे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. रुग्णालयांची व डॉक्टरांची नावे टाळावीत. सुरुवात मी करतो.

नौपाडा, ठाणे

सकाळचा चहा घेताना वडिलांच्या ओठांच्या कोपऱ्यातून चहा ओघळू लागला आणि शब्द जड झाले. आईने त्यांना दोन्ही हात वर करायला सांगितले, तर उजवा हात आपोआप खाली आला. तिने तत्क्षणी घड्याळ पाहून वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवली. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "शेवटचे व्यवस्थित कधी होते?" मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण ४.५ तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव झाला असेल तर तेच औषध घातक ठरते, म्हणून आधी सीटी स्कॅन करतात. आईने लिहिलेली वेळ त्या दिवशी सर्वांत मोलाची ठरली.

खरी कसोटी घरी आल्यावर लागली. दिवाणखान्यात खिळ्याला एक शंभर पानी वही टांगली. रक्तदाब, औषधे, खाणे, शौच, व्यायाम, कोण येऊन गेले, सगळे तिच्यात. माझी पाळी संपून पत्नीची सुरू होताना तोंडी काही सांगावे लागत नसे आणि "गोळी दिली का?" यावरून वादही होत नसे. बहीण पुण्याला असते. तिने सगळ्या नातेवाइकांचे फोन स्वतःकडे घेतले. हे काम लहान वाटते, पण दिवसभर तीच हकीकत दहा जणांना सांगण्याने सेवा करणारा माणूस किती थकतो, हे ज्याने सांगितली आहे त्यालाच कळते.

वडिलांना साधे "पाणी" म्हणता येत नव्हते. मात्र आईने संध्याकाळी रामरक्षा सुरू केली की ते तिच्याबरोबर ओळीच्या ओळी म्हणत. वाचोपचारतज्ज्ञांनी सांगितले की पाठ असलेली, लयीतली भाषा पक्षाघातानंतर पुष्कळदा शाबूत राहते, आणि तिचा उपयोग करूनच त्यांनी पुढचे व्यायाम बसवले. आज वडील तुटक का होईना, पण स्वतःचे म्हणणे स्वतः मांडतात.

नेरुळ, नवी मुंबई

आमची इमारत सिडकोच्या जुन्या वसाहतीतली आहे. तिला उद्वाहन नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. खालच्या मजल्यावरच्या मुलांनी त्यांना चादरीत न उचलता, रुग्णवाहिकेचे कर्मचारी येईपर्यंत हलवूच दिले नाही आणि नंतर जिन्यावर स्ट्रेचरला हात लावला. त्या मुलांची मी कायम ऋणी राहीन. वृद्धांच्या खुब्याची शस्त्रक्रिया, प्रकृती साथ देत असेल तर, ४८ तासांच्या आत व्हावी असा प्रयत्न असतो, कारण झोपून राहण्यातच न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या आणि पाठीला जखमा यांचा धोका वाढत जातो. "या वयात कापाकापी कशाला?" असे म्हणणारे आप्त पुष्कळ होते, त्यांना मी हेच कारण शांतपणे सांगत राहिले.

त्यानंतर त्याच आप्तांनी मला नोकरी सोडण्याचा सल्ला दिला. मुलाने सोडावी असे कोणी सुचवले नाही. मी स्पष्ट नकार दिला, आणि माझे यजमान माझ्या बाजूने उभे राहिले, हे येथे मुद्दाम नोंदवते. दिवसा ब्यूरोतून आयाबाई, संध्याकाळी मी, रात्री ते, अशी वाटणी झाली. अडचण वेगळीच निघाली. सासूबाईंना मुलाकडून स्वच्छता करून घ्यायला अतिशय संकोच वाटे, म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणी पिणेच टाळू लागल्या. हे लक्षात आल्यावर आम्ही त्यांनाच विचारले की तुम्हाला काय चालेल. त्यांनी सांगितले, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, मला धरून बसवा आणि दाराबाहेर उभे राहा. इतकेच हवे होते. आजारी माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या सोयी ठरवू नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

ऐरोली

माझ्या मुलीच्या हातावर गरम चहा सांडला. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा, बर्फ, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नये, हे मला कार्यालयातील प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवले होते. २० मिनिटे रडणाऱ्या मुलीला नळाखाली धरणे फार कठीण असते. शेजारच्या काकू तिला तेवढा वेळ गोष्ट सांगत राहिल्या. बांगडी सूज येण्याआधीच काढली. डॉक्टरांनी नंतर फक्त मलमपट्टी केली.

कोपरी, ठाणे पूर्व

माझ्या वडिलांना अल्झायमर आहे. ते रेल्वेच्या सेवेतून निवृत्त झाले असून आजही पहाटे उठून कामावर निघतात. पूर्वी त्यांना "तुम्ही निवृत्त झालात" असे सांगितले की ते संतापत, आणि दुसऱ्या दिवशी तीच बातमी त्यांना पुन्हा नव्याने ऐकावी लागे. त्यामुळे आता आम्ही वाद घालत नाही. "आज साप्ताहिक सुट्टी आहे" असे म्हटले की ते समाधानाने पेपर घेऊन बसतात. हे खोटे बोलणे नव्हे, असे मला मनापासून वाटते. त्यांच्या जगात जाऊन त्यांना धीर देणे आहे. सूर्य मावळू लागला की त्यांची अस्वस्थता वाढते. या आजारात हे अनेकांच्या बाबतीत घडते. म्हणून त्या वेळी आम्ही घरातले सगळे दिवे लावतो, दूरदर्शनवरच्या बातम्या बंद ठेवतो आणि त्यांना शेंगा सोलायला देतो.

एकदा ते नजर चुकवून स्थानकापर्यंत गेले. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला आमचा दूरध्वनी क्रमांक शिवलेला असतो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, दूधकेंद्र, रिक्षाथांबा आणि वाणी या सर्वांना त्यांचे छायाचित्र दाखवून आजाराविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. आजार लपवण्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांचा कल होता. परंतु सांगितल्यामुळेच इस्त्रीवाल्याने त्यांना दोनदा हाताला धरून परत आणले.

स्वतःविषयीही लिहिले पाहिजे. ज्या आजारात माणूस बरा होण्याची वाट पाहता येत नाही, त्यात सेवा करणाऱ्याचे मन हळूहळू कोरडे पडते. मला झोप येईनाशी झाली, आईवर आवाज चढू लागला. तेव्हा मी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीवर, बोललो. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून विनामूल्य चालते, आणि समोरची व्यक्ती मराठीत बोलत होती. तिने उपदेश केला नाही. आठवड्यातून ठरावीक अर्धा दिवस मी घराबाहेर काढावा आणि त्या वेळी कोण थांबेल हे आधीच ठरवावे, एवढेच माझ्याकडून निश्चित करून घेतले. मी तो वेळ तलावपाळीवर एकटा बसण्यात घालवतो. रुग्णाला सोडून जाण्याचा अपराधभाव कोणी बाळगू नये.

कळवा

पत्नीची केमोथेरपी खारघरच्या टाटा केंद्रात झाली. ठाण्याहून पनवेलची लोकल थेट मिळते, हा मोठा दिलासा होता. परतीचा प्रवास मात्र तिला गर्दीत झेपत नसे, म्हणून तेवढी टॅक्सी करत असू. घरी सर्वांत महत्त्वाचा ठरला तो तापमापक. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना १००.४ अंशांचा तापही तातडीची बाब असते, घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नसते. एका मध्यरात्री नेमके हेच घडले. कपड्यांची पिशवी आणि फाइल दाराशी तयार होती, त्यामुळे आम्ही लगेच निघू शकलो.

मुलाचे दहावीचे वर्ष होते. त्याच्या मित्राच्या आईने न विचारता त्याचा डबा स्वतःच्या मुलाबरोबर भरायला सुरुवात केली. "काही लागले तर सांगा" असे अनेक जण म्हणतात, आणि ते मनापासूनच म्हणतात, पण संकटातल्या माणसाला काय मागावे ते सुचत नाही. त्या माउलींनी मागण्याची वेळच येऊ दिली नाही.

कोपरखैरणे

पावसाळ्यात माझ्या भावाला डेंग्यू झाला. ताप उतरला म्हणून सगळे निश्चिंत होतात, पण या आजारात ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच अधिक जोखमीचे असतात. सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची सुस्ती दिसली तर थांबू नये. तापासाठी आम्ही केवळ पॅरासिटामॉल दिले. ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पाचपाखाडी, ठाणे

कागदपत्रांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. यजमानांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर सकाळी डिस्चार्ज मिळाला, पण विम्याच्या मंजुरीसाठी आम्ही रात्रीपर्यंत बसून होतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस दाव्यात रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी लागते, आणि उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर तो भार विमा कंपनीवर येतो. हे परिपत्रक भाच्याने मोबाइलवर उघडून दाखवल्यानंतर हालचाल झाली. बँकेचे खाते दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे संयुक्त असल्यामुळे पैशांची अडचण आली नाही. ज्यांचे तसे नसेल त्यांनी घरात सर्व धडधाकट असतानाच ते करून घ्यावे.

नेरुळच्या ताईंनी कमोडच्या खुर्चीचा उल्लेख केला आहे. अशा वस्तू विकत घेण्याची घाई करू नये. ठाण्यात अनेक सेवाभावी संस्था चाकाची खुर्ची, वॉकर, रुग्णशय्या नाममात्र शुल्कावर वापरायला देतात. आमच्याकडेही एक वॉकर आणि पाठ टेकण्याची पलंगावरची चौकट वापराविना आहे. ठाणे किंवा ऐरोलीपर्यंत कोणाला हवी असल्यास येथे लिहावे, माझा मुलगा रविवारी आणून देईल.