मदत हवी आहे: लायसिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) वाढवून सोयापेंडीची तूट भरून निघेल का?

राम राम मंडळी. औसा तालुक्यात माझं १५०० पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड आहे. खाद्य घरीच बनवतो. मागच्या बॅचपर्यंत मका आणि सोयापेंडीवर ठीक चाललं होतं. यंदा पेंडीचा भाव बघून थोडी कमी केली, त्या जागी सरकी पेंड घातली. (सरकी म्हशींनाच बरी, असं आमचे बापू म्हणत होते. ऐकायला पाहिजे होतं.)

आज २१ वा दिवस. वजन सरासरी ६४० ग्रॅम, खरं तर नऊशेच्या पुढे पाहिजे. पाठीवर पिसं नीट आलेली नाहीत, दोन-चार पक्षी एकमेकांची शेपटी टोचतायत. लिटर (शेडमध्ये खाली पसरलेला भुसा) कोरडं आहे, मर नाही.

टनाला डीएल मेथिओनिन (हेही अमिनो आम्लच) २ किलो आणि लायसिन दीड किलो टाकतो. मका-सोयाच्या खाद्यात आधी मेथिओनिन कमी पडतं, मग लायसिन, हे माहीत आहे. पण सरकीत लायसिन मुळातच कमी, त्यात तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य ते लायसिन बांधून ठेवतं. बाजारातल्या लायसिन एचसीएलमध्येही (लायसिनची पावडर) प्रत्यक्ष लायसिन ७८ टक्केच असतं.

मग आता लायसिन किती वाढवू? थ्रिओनिन हे तिसरं अमिनो आम्लही टाकावं लागेल का, की सरकी सरळ बंद करू? दुसरी शंका, मी फावड्यानं मिसळतो. एवढीशी पावडर आधी दहा किलो भरड्यात घोळून मग ढिगात टाकली तर सारखी पसरेल का?

ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी सांगा. उद्या सकाळी पुढचं खाद्य मिसळायचंय.