मीटिंगच्या दारातून परत आलो. आत नक्की काय असतं?

तिसरी_पाळी:
वय ४३, राहायला भोसरीत, नोकरी चाकणला. क्वार्टरची हाफ कधी झाली कळलं नाही. दरवर्षी गटारी दणक्यात करायची आणि श्रावण कडक पाळायचा. महिनाभर सोडता येते, म्हणजे आपण बेवडे नाही, असं बायकोला सांगत आलो. यंदा श्रावणातला दुसरा सोमवारही गाठता आला नाही. दोन वर्षांपूर्वी माळ घातली होती, ती आता देव्हाऱ्यातल्या खिळ्याला लटकतेय.

डॉक्टरांनी एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला सांगितलं. शनिवारी गेलो. शाळेचा वर्ग, पहिला मजला. दाराबाहेर चपला मोजल्या, अकरा जोड. त्यात एक सेफ्टी शूज, आमच्या कंपनीत देतात तसलेच. तिथूनच फिरलो. आत आपल्याच लाइनवरचा कुणी निघाला तर सोमवारी कँटीनभर चर्चा. परत येताना कुठे थांबलो ते सांगत नाही.

नाव, फोन, आधार कार्ड मागतात का? बोलावंच लागतं का? पैसे किती? देवाचं फार असतं म्हणतात, ते मला झेपणार नाही. आणि घरी काय सांगून निघायचं?

नऊ_पावसाळे:
मित्रा, ज्या कारणासाठी तू तो जिना चढलास, त्याच कारणासाठी सेफ्टी शूजवाला चढलाय. सोमवारी कँटीनमध्ये तो काय सांगणार, आमची गाठ कुठे पडली म्हणून?

आधार-बिधार काही नाही. हाक मारायला एक नाव लागतं, तेही खोटं चालतं. मी पहिले चार महिने 'सुरेश' होतो, अजून दोघंतिघं सुरेशच म्हणतात. फी नाही. शेवटी थैली फिरते, ज्याला वाटेल तो टाकतो. नवीन माणसाला आम्हीच 'राहू दे' म्हणतो. दारू थांबवायची इच्छा, एवढीच अट. बोलायची वेळ आली की 'आज फक्त ऐकतो' म्हणायचं, पुढचा सुरू होतो.

देवाचं म्हणशील, तर एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारू सोडायच्या टप्प्यांमध्ये, 'आपल्याला उमगलेला ईश्वर' असे शब्द आहेत. आमच्यात एक कट्टर नास्तिक आहे, त्याला फक्त साडेसातची वेळ उमगली, ती तो चुकवत नाही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला एक शेअरवाला आणि एक सर्जन, दोघं पिणारे, एकमेकांशी बोलत बसले. तिथून हे सुरू झालं. आजही मुख्य काम तेच, बोलत बसणं.

भीती जात नसेल तर भोसरी सोड, पहिल्यांदा लांबच्या ग्रुपला जा. 'खुली' मीटिंग असेल तर घरच्यांनाही नेता येतं, 'बंद' मीटिंग फक्त आपल्यासारख्यांची. आणि एकाच मीटिंगवरून मत बनवू नकोस. माझ्या पहिल्या मीटिंगला एका काकांनी पंचवीस मिनिटं त्यांच्या जुन्या स्कूटरचंच सांगितलं. दुसऱ्या ग्रुपला गेलो नसतो तर आज हे लिहीत नसतो.

वरणातली_गोळी:
दादा, घरी खरं सांगा. वहिनींना माहीत नाही असं तुम्हाला वाटतं, एवढंच.

माझी चूक सांगते. कुणीतरी दिलेली डायसल्फिरॅमची, म्हणजे दारू सोडवायची, गोळी मी यांच्या वरणात घालत होते, यांना न सांगता. त्यावर हे प्यायले. चेहरा लालबुंद, उलट्या, बीपी खाली. ती रात्र आयसीयूबाहेर काढली. ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला पूर्ण माहीत असतानाच द्यायची असते. हे मला अल्-अ‍ॅनॉनमध्ये कळलं. ती घरच्यांसाठीची वेगळी मीटिंग. वहिनींना तिचा पत्ता द्या. तुम्ही सुटा न सुटा, त्यांना कुणाशी तरी बोलता येईल.

वॉर्ड_नंबर_सहा:
एक महत्त्वाचं राहिलं. रोज हाफ घेणाऱ्याने मीटिंगच्या जोशात एकदम बंद करू नये. हातपाय थरथरतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, जिवावरही बेततं. तुमच्या डॉक्टरांना रोजचा आकडा खरा सांगा, अर्धा करून नको. दाखल व्हायची वेळ आली तर येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, तिला पैसे पडत नाहीत.

तिसरी_पाळी:
डॉक्टरांना खरा आकडा सांगितला, गोळ्या सुरू आहेत. काल परत गेलो, त्याच शाळेत. सेफ्टी शूज होतेच. नीट पाहिलं तर लेस वेगळी, आमच्या कंपनीचे नव्हेतच. नाव विचारल्यावर खोटं सुचेना, खरंच सांगून बसलो. बाकी काही बोललो नाही.

निघताना बायकोला कुठे चाललोय ते सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "छत्री घेऊन जा."