सुडो लावला की एनपीएम सापडत नाही (सोसायटी ग्रुप, राजारामपुरी)

ओंकार, सी ४०४: सोसायटीच्या ऑफिसातल्या उबुंटू (लिनक्स) मशीनवर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आणि त्याची पॅकेजं टाकणारी एनपीएम कमांड टाकलीय. नुसतं 'एनपीएम -व्ही' केलं की व्हर्जन दिसतं. पीएम२ (नोडचे प्रोग्राम चालू ठेवणारं पॅकेज) टाकायला सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य युजरच्या नावानं, 'सुडो एनपीएम इन्स्टॉल -जी पीएम२' केलं की 'सुडो: एनपीएम: कमांड नॉट फाउंड'. रूटला सगळे अधिकार, मग त्यालाच कसं सापडत नाही?

सायली, बी ३०१: नोड एपीटीनं (उबुंटूचा स्वतःचा इन्स्टॉलर) टाकलास की एनव्हीएमनं (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल)?

ओंकार: एनव्हीएमनं, ताई.

सायली: मग असंच होणार. अधिकाराचा संबंध नाही, शोधायच्या जागेचा आहे. एनव्हीएम नोडला तुझ्या होममधल्या .एनव्हीएम फोल्डरात ठेवतो आणि .बॅशआरसी या टर्मिनल उघडताना चालणाऱ्या फाईलीतून ती जागा तुझ्या पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, घालतो. सुडो तुझा पाथ विचारात घेत नाही. /ईटीसी/सुडोअर्स या सुडोच्या नियमांच्या फाईलीत सिक्युअर_पाथ ही ओळ असते, त्यातल्याच जागा तो बघतो: /युएसआर/लोकल/बिन, /युएसआर/बिन, /स्नॅप/बिन वगैरे. होम त्यात नाही, आणि ते मुद्दाम. नाहीतर कुणी तुझ्या होममध्ये 'एपीटी' नावाची खोटी फाईल ठेवली तर तीच रूट म्हणून चालेल.

(देवनागरी ग्रुपच्या नियमासाठी. टर्मिनलमध्ये इंग्रजीतच टाका.)

शिंदे काका, ए १०२: आधी 'विच एनपीएम' आणि मग 'सुडो विच एनपीएम' चालवून बघ, कमांड कुठं आहे ते विच सांगतो. दुसऱ्याला उत्तर आलं नाही तर दुखणं हेच.

ओंकार: दुसरं कोरं. 'सुडो -ई' पण लावून बघितलं, तेच.

शिंदे काका: -ई बाकीची व्हेरिएबल नेतो. सिक्युअर_पाथ असेपर्यंत पाथ मात्र त्याचाच.

ओंकार: मग एनपीएमचा पूर्ण पत्ताच देतो सुडोला.

सायली: एक पायरी पुढं जाऊन अडकशील. एनपीएम ही स्क्रिप्ट आहे, पहिली ओळ '#!/युएसआर/बिन/एन्व्ह नोड'. एनपीएम सापडेल, पण एन्व्ह नोडला शोधणार सुडोच्याच पाथमध्ये. मग 'नोड: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. चालणारी ओळ अशी: सुडो एन्व्ह "पाथ=$पाथ" एनपीएम इन्स्टॉल -जी पीएम२. दोन्ही पाथ कॅपिटलमध्ये.

पण ती वापरू नकोस 🙂 एनव्हीएममध्ये -जी (सगळीकडून वापरायची) पॅकेजंही होममध्येच जातात, सुडो लागतच नाही. उलट रूटच्या मालकीच्या फाईली तिथं पडल्या की पुढं साध्या एनपीएमला 'ईअ‍ॅक्सेस' (परवानगी नाही) येत राहतं. पडल्याच असतील तर मालकी परत घ्यायला: सुडो चाऊन -आर $युजर ~/.एनव्हीएम ~/.एनपीएम

सेक्रेटरी: हा ग्रुप पाणी आणि लिफ्टसाठी आहे.

शिंदे काका: मशीन सोसायटीचंच आहे की 😄

ओंकार: सुडोशिवाय झालं! आता मशीन सुरू झाल्यावर पीएम२ आपोआप चालू व्हायला?

सायली: 'पीएम२ स्टार्टअप' सुडोशिवाय चालव. तो स्वतःच 'सुडो एन्व्ह पाथ=' नं सुरू होणारी ओळ छापतो, ती जशीच्या तशी पेस्ट कर. इथं सुडो खरंच लागतो, कारण सिस्टमडीची (मशीन सुरू होताना प्रोग्राम चालू करणारी व्यवस्था) फाईल लिहायची असते. शेवटी 'पीएम२ सेव्ह'.

महेश, ए ४०३: उद्यमनगरात कारखान्याच्या सर्व्हरवर सेंटओएस ७ (दुसरं लिनक्स) आहे. तिथं नोड /युएसआर/लोकल/बिनमध्येच आहे, तरी सुडोला दिसत नाही.

शिंदे काका: सेंटओएस ७ च्या सिक्युअर_पाथमध्ये /युएसआर/लोकल/बिन नसतंच. 'सुडो व्हीसुडो' करून त्या ओळीच्या शेवटी कोलन देऊन जोडा. नॅनोनं थेट फाईल उघडू नका. व्हीसुडो सेव्ह करताना व्याकरण तपासतो, साध्या एडिटरात एक चूक राहिली तर सुडोच बंद. आणि सेंटओएस ७ चे अपडेट जून २०२४ ला थांबलेत, तेवढं मालकांच्या कानावर घाला.

महेश: डेबियनच्या (हेही लिनक्सच) मशीनवर तर 'सुडो: कमांड नॉट फाउंड' म्हणतंय.

सायली: इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड दिला की डेबियन सुडो टाकतच नाही. 'सु -' करून रूट व्हा, डॅश विसरू नका. डेबियन १० पासून नुसत्या 'सु'नं तुमचाच जुना पाथ राहतो आणि अ‍ॅडयुजर ही कमांडसुद्धा सापडत नाही. मग 'एपीटी इन्स्टॉल सुडो', 'अ‍ॅडयुजर तुमचं-नाव सुडो', आणि लॉगआउट करून परत लॉगिन.