बाबांच्या जिभेचा कॅन्सर: ॲस्पिरिनने खरंच आयुष्य वाढतं का?

साखळीची_लेक
बाबांच्या जिभेचं ऑपरेशन गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात झालं, मानेच्या गाठीही काढल्या. आता लाईट (रेडिएशन) सुरू आहे आणि आठवड्याला एकदा सिस्प्लाटिन ही किमो. तोंड आतून सोलून निघालंय, पेजेचा घोटसुद्धा उतरत नाही, म्हणून नाकातून नळी आहे. भावोजींनी व्हॉट्सॲपवर बातमी पाठवली की ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या नियमित घेणारे घशा-मानेच्या कॅन्सरचे रुग्ण जास्त जगतात. घरात आईची इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनच, आहेच. आई म्हणते, कुटून नळीतून देऊया. माझा धीर होत नाही. कोणाला माहिती असेल तर सांगा, प्लीज. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात नेमकं काय विचारू?

म्हापशाची_फार्मसी
ताई, आधी आईंना थांबवा. इकोस्प्रिनवर आवरण असतं, गोळी पोटात न विरघळता आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून. कुटली की ते गेलं, औषध थेट जठराच्या अस्तरावर.

दुसरं, सिस्प्लाटिन मूत्रपिंडावर ताण आणतं. त्यात ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक दिलं की ताण आणखी वाढतो. किमोत प्लेटलेट उतरतात, त्यात ॲस्पिरिन म्हणजे रक्तस्रावाची भीती. काउंटरवर मी रोज बघतो, 'दुखण्याची साधी गोळी द्या' म्हणतात आणि किमो चालू आहे हे सांगतच नाहीत. काळजाचा ठोका चुकतो. पॅरासिटामॉल या गटात मोडत नाही, पण त्याने ताप झाकला जातो. किमोत ताप आला तर आधी डॉक्टरांना फोन.

बातमी खोटी नाही, अर्धी आहे. 2019 चा अमेरिकेतला अभ्यास, ऑपरेशन झालेले 266 रुग्ण. फायदा दिसला तो गाठीत पीआयके3सीए या जनुकात बदल असलेल्यांना, आणि तोही निदान सहा महिने नियमित गोळ्या घेणाऱ्यांना. बदल नसलेल्यांना फायदा दिसला नाही. शिवाय तो जुन्या नोंदी चाळून केलेला अभ्यास. गोळ्या वाटून केलेली चाचणी नव्हे.

फोंड्याचो_पुतणो
आमच्या काकांना ब्रुफेनच्याच गटातली गोळी मिळत होती, सेलेकॉक्सिब, सोबत आठवड्याला मेथोट्रेक्सेट ही किमोची गोळी. टाटा मेमोरियलच्या 422 रुग्णांच्या चाचणीत (2020) या जोडीवर निम्मे रुग्ण 7.5 महिने किंवा जास्त जगले, सिस्प्लाटिनवर 6.1. फरक दीड महिन्याचाही नाही, पण सलाईन लावून पडून राहावं लागत नव्हतं. काका घरी जेवायचे, अंगणात बसायचे. आम्हांला ते लाखमोलाचं वाटलं. पण ताई, ती चाचणी बरा होण्यापलीकडे गेलेल्या कॅन्सरची होती. तुमच्या बाबांचे उपचार बरं करण्यासाठी चाललेत, त्यात हे मिसळू नका.

ओपीडीत तीनच गोष्टी विचारा: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) किती आहे, दुखण्यावर नळीतून काय चालेल, आणि ऑपरेशनच्या ब्लॉकवर (काढलेल्या गाठीच्या जपून ठेवलेल्या तुकड्यावर) जनुक तपासणीचा आत्ता काही उपयोग आहे का.

साखळीची_लेक
दोघांनाही, देव बरें करूं. आज विचारलं. क्रिएटिनिन थोडं चढलंय, पुढच्या सिस्प्लाटिनआधी पुन्हा रक्त तपासणार. ॲस्पिरिनला साफ नाही म्हणाले. दुखण्यासाठी मॉर्फिनचं पातळ औषध दिलंय, गुळण्यांसाठी बधिर करणारं औषधही. जनुक तपासणी लाईट संपल्यावर बघू म्हणाले. आईची इकोस्प्रिन मी वेगळ्या डब्यात, तिच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलीय. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं म्हणतात, नळीवर असलेल्यांना त्यावर काय देता?