दप्तर गहाळ झालं तर गुन्हा कुणावर?

कृष्णाकाठचा (मूळ मुद्दा)

‘सदर अभिलेख आढळून येत नाही’ एवढं लिहून ग्रामपंचायती आणि नगरपालिका मोकळ्या होतात, हे मला मान्य नाही. दप्तर सांभाळणं ही त्यांची मेहेरबानी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कायदा आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर सरळच सांगतं की अभिलेख सूचीसह, नीट लावून ठेवा. आणि ‘फाइल सापडत नाही’ हे माहिती नाकारायचं कारण होऊ शकत नाही, कसून शोधा आणि जबाबदारी ठरवा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगून झालंय.

याची झळ कुणाला बसते ते बघा. जातीच्या दाखल्यासाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. पणजोबांची जन्मनोंद असलेलं रजिस्टर वाळवीने खाल्लं की पणतूची व्हॅलिडिटी (जात पडताळणी) अडते आणि मिळालेली सीट जाते. शिक्षा भोगतो तो, ज्याचा त्या रजिस्टरशी काडीचा संबंध नव्हता. म्हणून माझं म्हणणं आहे की रेकॉर्ड नसल्याचं पत्र ज्या टेबलावरून निघेल, त्याच टेबलावरून त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद जायला हवी.

निवृत्त ग्रामसेवक

तळमळ समजली. पण फिर्याद कुणावर करणार साहेब? रजिस्टर १९५८ चं. त्यानंतर किती ग्रामसेवक आले आणि गेले! पदभार देताना-घेताना करतात ती चार्ज यादी कधी पाहिलीत? त्यात ओळ असते, ‘जुने दप्तर, लोखंडी कपाट एक, किल्लीसह.’ कपाटात काय आहे ते देणाऱ्याने मोजलं नाही, घेणाऱ्यानेही नाही. मग ज्याच्या काळात अर्ज येतो तो अडकतो, ज्याच्या काळात कागद गेला तो पेन्शन घेत असतो.

तीन-तीन गावांचा पदभार, वसुली, घरकुलं, पाणीपुरवठा, ग्रामसभा, निवडणुकीची कामं. दप्तरासाठी वेगळा माणूस नाही, धड खोली नाही. त्यात गुन्ह्याची भीती घातलीत की माणूस कागद शोधायचं सोडून स्वतःची मान सोडवायला बघेल. पावसाळ्यात एक कपाट भिजलं की पंचनाम्यात तीन कपाटं भिजल्याचं लिहिलं जाईल. हे मी होताना पाहिलंय.

कृष्णाकाठचा

‘कपाट एक’ लिहून त्याखाली सही करणं हाच तर कसूर आहे! बँकेचा कॅशिअर ‘नोटा, पेटी एक’ असा चार्ज देतो का?

सोलापूरची वकील

दादा, कायदा थोडा नीट वाचूया. शिक्षा आहे ती अभिलेख परवानगीशिवाय बाहेर नेण्याबद्दल किंवा नियम डावलून नष्ट करण्याबद्दल. वाळवी लागू दिली, छत गळू दिलं, हे त्यात बसवताना कोर्टात दमछाक होते. तिथे खातेनिहाय चौकशी जास्त कामाची. पण काका, तुमचंही पूर्ण पटत नाही. अभिलेख अधिकारी नेमायची तरतूद याच कायद्यात आहे. तुमच्या पंचायत समितीत तो कोण आहे, एवढा साधा प्रश्न लेखी विचारा. उत्तरच आलं नाही, तर दोष एकट्या ग्रामसेवकाचा नाही, वरच्या साखळीचा आहे. मला फिर्यादीपेक्षा ती साखळी कागदावर आणणं महत्त्वाचं वाटतं.

डिजिटल गाव

एवढा वाद कशाला? सगळं स्कॅन करा, क्लाउडवर टाका, विषय संपला. कागद कोण बघतंय आता?

मोडीवाचक, बीड

मी बघतो. न्या. संदीप शिंदे समितीसाठी २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा आमच्यासारख्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं होतं. कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळेची दाखल-खारीज रजिस्टरं. जातीच्या रकान्यात कित्येकदा नुसतं ‘कु’ असायचं, तेही बांधणीच्या शिवणीत दडलेलं. रजिस्टर हळूच फाकवून, खिडकीपाशी तिरकं धरलं की अक्षर दिसायचं. त्याच पानाच्या स्कॅनमध्ये तिथे काळी पट्टी आली होती, कारण ठेकेदाराच्या माणसाने रजिस्टर पूर्ण उघडलंच नव्हतं. काही रजिस्टरांची पाठची पानं वगळलेली. मूळ कागद हातात होता म्हणून नोंद मिळाली. स्कॅन जरूर करा, पण त्या जोरावर मूळ दप्तर रद्दीत घालणाऱ्याला मी कधीच माफ करणार नाही.

डिजिटल गाव

मान्य, स्कॅनिंग वाईट झालं असेल. तो ठेक्याचा दोष आहे, तंत्राचा नव्हे. पुरात मूळ गेलं तर निदान प्रत उरते. २०१९ ला आमच्याकडे सांगली भागात पाणी शिरलं तेव्हा नमुना ८ ची (घरपट्टी आकारणीची) रजिस्टरं वाळवायला टाकली होती. पानं एकमेकांना चिकटून ठोकळा झाला होता.

नगरकर

तुम्ही सगळे जपण्यावर बोलताय, निंदणीवर, म्हणजे मुदत संपलेलं दप्तर काढून टाकण्यावर, कुणीच नाही. ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘ड’ एक. मुदत संपलेलं रीतसर काढलंच नाही तर ‘अ’ वर्गाचं रजिस्टर जुन्या पावतीपुस्तकांच्या ढिगाखाली कुजणार. आमच्या जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात कलेक्टर लखिना साहेबांनी हेच केलं. आधी वर्गीकरण, मग नको ते नष्ट, मग हवं ते चटकन हाती लागेल असं लावणं. सगळंच ठेवा म्हणणारा माणूस दप्तराचा मित्र नसतो.

मोडीवाचक, बीड

निंदणी करणाऱ्याला वाचता आलं पाहिजे, एवढीच अट घाला. मोडी कळत नाही म्हणून ‘जीर्ण, अवाचनीय’ असा शेरा मारलेले गठ्ठे मी उघडलेत. अक्षर स्वच्छ होतं.

निवृत्त ग्रामसेवक

नगरकरांशी सहमत. वर्गवारी करायला तालुक्याला दोन माणसं द्या आणि चार्ज यादी रजिस्टरवार करा. नाव, साल, पानं, अवस्था. त्यानंतर एक जरी रजिस्टर कमी भरलं तर खुशाल गुन्हा टाका, मी साक्षीला येईन. आज मात्र नाही.

कृष्णाकाठचा

माणसं देईपर्यंत थांबायचं, तर कायदा झाल्यापासून थांबलोच आहोत की. आणखी किती मुलांच्या सीट जाऊ द्यायच्या? मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

सोलापूरची वकील

थांबू नका. माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा: नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी मंजुरीच्या आदेशासह, आणि गेल्या दोन पदभारांच्या चार्ज याद्या. रजिस्टर नष्ट यादीत नाही आणि कपाटातही नाही, म्हणजे ते रीतसर नष्ट झालेलं नाही. तुमच्या फिर्यादीला पहिला आधार तिथे मिळेल.

निवृत्त ग्रामसेवक

अर्जाची एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांनाही द्या. जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गेलेली असू शकतात. तिथे न शोधताच ‘आढळून येत नाही’ लिहिलं जातं.